सिरॉसिसच्या पेशंटचा आयएनआर वाढलाय? या चुका टाळा

सिरॉसिस म्हणजे लिव्हर निबर होण्याचा आजार. अशा पेशंटचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) १.९, प्लेटलेट (गोठायला मदत करणाऱ्या रक्तातल्या पेशी) ६० हजार असा रिपोर्ट आला की घरचे म्हणतात, "रक्त पातळ झालंय." बाकीच्या चुका इथूनच सुरू होतात.

रक्त गोठवणारे बहुतेक घटक लिव्हर बनवतं, तसे गोठणं आवरणारे प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिनही तेच बनवतं. सिरॉसिसमध्ये दोन्ही बाजू घटतात. उलट फॉन विलेब्रँड फॅक्टर (प्लेटलेटला चिकटायला मदत करणारं प्रोटीन) वाढतो आणि कमी प्लेटलेटची उणीव बरीच भरून काढतो. आयएनआर मुळात वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारं औषध घेणाऱ्यांसाठी बेतलेला. तो गोठवणारी एकच बाजू मोजतो. लिव्हर किती थकलंय ते त्यावरून कळतं, रक्तस्राव होईल का ते नाही.

म्हणून पोटातलं पाणी काढण्याआधी "आकडा सुधारायला" प्लाझ्मा (रक्तपेढीतून मिळणारा, पेशी काढलेला रक्ताचा द्रव भाग) चढवणं ही सगळ्यात महागडी चूक. ६० किलोच्या माणसाला ६०० ते ९०० मिली प्लाझ्मा जातो. आयएनआर थोडा उतरतो, काही तासांत पुन्हा चढतो. पण तेवढ्या द्रवाने पोर्टल शिरेतला (आतड्यांकडून लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या शिरेतला) दाब वाढतो आणि अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटायचा धोकाही. नेहमीच्या पाणी काढण्याला प्लाझ्मा लागत नाही. पाच लिटरपेक्षा जास्त पाणी निघणार असेल तर लागतं अल्ब्युमिन (शिरेतून देतात ते रक्तातलं प्रोटीन), दर लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम. सहा लिटरला २० टक्क्यांच्या १०० मिलीच्या दोन ते अडीच बाटल्या. रक्तपेढीच्या फेऱ्या मारण्याआधी याची सोय विचारा.

आकडाच खोटा असू शकतो. निळ्या झाकणाची सायट्रेटची नळी खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. अर्धवट भरली तर आयएनआर उगाच जास्त येतो. प्लेटलेट अचानक २० हजारांवर आल्या तर स्लाइड बघायला सांगा, जांभळ्या नळीत त्यांचे गठ्ठे होतात. खरोखर कमी असतील तर बहुतेकदा वाढलेल्या प्लीहेत अडकलेल्या असतात. पपईच्या पानांच्या रसाने प्लीहा लहान होत नाही.

व्हिटॅमिन के कावीळ, उपासमार किंवा बरेच दिवस अँटिबायोटिक चालू असेल तर देऊन बघतात: १० मिग्रॅ, शिरेतून, सावकाश. आयएनआर हलला नाही तर रोज टोचत राहण्यात अर्थ नाही.

"रक्त पातळ आहे, गुठळी होणार नाही" हाही गैरसमज. एकाच पायाला सूज आली, किंवा पोटात पाणी एकाएकी वाढलं, तर डॉप्लर (शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्या. पायाच्या किंवा पोर्टल शिरेत गुठळी सापडू शकते.

अंगदुखीला डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन नको. त्याने किडनी बिघडते, रक्तस्राव वाढतो आणि टोचलेल्या जागी रक्त साकळतं. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल, दिवसात २ ग्रॅमच्या आत.

रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी चिकट, उग्र वासाची शौच झाली तर सकाळची वाट पाहू नका. (लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, पण ती अशी चिकट नसते.) इथे दोष आयएनआरचा नसून शिरेतल्या दाबाचा असतो, म्हणून प्लाझ्माने ते थांबत नाही. हॉस्पिटलमध्ये दाब उतरवणारं ऑक्ट्रिओटाइड किंवा टर्लिप्रेसिन आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे अँटिबायोटिक १ ग्रॅम लगेच, एन्डोस्कोपी (दुर्बिणीने तपासणी) १२ तासांच्या आत. रक्तही हिमोग्लोबिन ७-८ पर्यंतच. त्याहून चढवलं तर दाब वाढतो. हिंगोली-परभणीकडून नांदेड किंवा संभाजीनगरला निघण्यापूर्वी फोन करून तिथे रात्री एन्डोस्कोपी होते का विचारा. पेशंटला कुशीवर झोपवा, तोंडातून काही देऊ नका.