एमबीएच्या तयारीच्या बॅचमध्ये सिलेक्शन कसं होतं: नागपूरच्या मुलामुलींसाठी थोडं सविस्तर

कॅटचा, म्हणजे आयआयएमसारख्या मोठ्या मॅनेजमेंट संस्थांच्या एमबीए प्रवेश परीक्षेचा, अभ्यास करणं वेगळं आणि कॅटची तयारी करून घेणाऱ्या चांगल्या मोफत बॅचमध्ये निवड होणं वेगळं, आणि या दुसऱ्या गोष्टीबद्दल आपल्याकडे कोणी धड सांगत नाही. कोचिंगचं विचारा, धरमपेठ, शंकरनगर, रामदासपेठ फिरून या, दहा जण दहा सल्ले देतील. पण जिथे फॉर्म भरायचा, निबंध लिहायचे, टेस्ट द्यायची, मग मुलाखत आणि शेवटी मोजक्याच लोकांना घेतात, तिथला फॉर्म समोर उघडला की वर्गात पहिली येणारी पोरंसुद्धा गडबडतात. मी अशाच एका बॅचमधून तयारी केली, पुढे एमबीए झालं, आता नोकरी करते आणि दरवर्षी ओळखीतल्या ज्युनिअर्सचे फॉर्म वाचून देते, त्यातून जे कळलं ते लिहून राहिली आहे. बॅचचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण नियम दरवर्षी बदलतात आणि खालचं सगळं बहुतेक ठिकाणी लागू पडतं.

आधी शोधायचं कुठे ते. सरकारी संस्थांकडे आपली मुलं बघतच नाहीत. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा आणि कुणबी-मराठा समाजासाठी सारथी, ओबीसी, व्हीजेएनटी (भटक्या-विमुक्त जाती) आणि एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) यांच्यासाठी महाज्योती, आणि महाज्योतीचं तर मुख्यालयच नागपुरात आहे. या संस्था स्पर्धा परीक्षांच्या मोफत प्रशिक्षणाच्या जाहिराती काढतात, कोणत्या वर्षी कोणती परीक्षा आणि किती जागा हे त्या त्या जाहिरातीत असतं, म्हणून वेबसाइट दर आठवड्याला बघायची सवय लावा, मित्राच्या फॉरवर्डवर विसंबू नका. याशिवाय ट्रस्टच्या बॅच असतात, काही कॉलेजांच्या असतात, खासगी क्लासच्या स्कॉलरशिप टेस्ट असतात. कोणी सिलेक्शनची गॅरंटी देतो म्हणून आधी पैसे मागत असेल तर तिथून सरळ उठून घरी या.

आता वेळेचं गणित. कॅट साधारण नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते, तिचं रजिस्ट्रेशन ऑगस्टमध्ये सुरू होऊन सप्टेंबरमध्ये संपतं. म्हणजे तयारीची बॅच उन्हाळ्यात सुरू व्हायला पाहिजे आणि तिचे फॉर्म त्याआधी निघणार, नेमके तेव्हाच जेव्हा आपल्या युनिव्हर्सिटीच्या उन्हाळी परीक्षा डोक्यावर असतात आणि बाहेर पंचेचाळीस डिग्री असते. म्हणून कागदपत्रं हिवाळ्यातच जमवायला घ्या. ओबीसीवाल्यांनी एक नीट लक्षात ठेवा, आयआयएमला नॉन-क्रिमिलेयर, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला, केंद्र शासनाच्या नमुन्यातला लागतो आणि तुमची जात केंद्राच्या यादीत असावी लागते, राज्याच्या अ‍ॅडमिशनसाठी काढलेलं जुनं सर्टिफिकेट चालून जाईल असं समजून बसू नका. ईडब्ल्यूएसचं, म्हणजे खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांचं, सर्टिफिकेट चालू आर्थिक वर्षाचं लागतं, म्हणजे एप्रिल लागला की लगेच सेतू केंद्रात अर्ज टाकायचा. दाखल्याला किती दिवस लागतील हे आपल्या हातात नसतं, फॉर्मची शेवटची तारीख मात्र कोणासाठी थांबत नाही.

मार्कांबद्दल सगळ्यात जास्त विचारतात. कॅटला बसायला ग्रॅज्युएशनला ५० टक्के लागतात, एससी, एसटी आणि दिव्यांगांना ४५. पुढे बऱ्याच आयआयएम दहावी, बारावी आणि ग्रॅज्युएशन तिन्हीचे मार्क शॉर्टलिस्टमध्ये धरतात, काही ठिकाणी इंजिनिअरिंग सोडून दुसऱ्या शाखेतून आलेल्यांना आणि मुलींना थोडे जास्त गुणही मिळतात. तयारीच्या बॅचवालेही हेच बघतात, कारण त्यांना त्यांची मुलं पुढे आयआयएमच्या मुलाखतीच्या कॉलपर्यंत पोचलेली हवी असतात. तेव्हा बारावीला कमी पडले असतील तर ते लपवू नका, फॉर्ममध्ये जागा असेल तर दोन ओळीत कारण लिहा आणि त्यानंतर काय सुधारलं ते लिहा. रडगाणं नको. बीकॉम, बीएवाल्यांनी तर अजिबात घाबरू नये, मी स्वतः कॉमर्सची.

आता खरा भाग, निबंध. इथेच निवड होते किंवा राहते असं माझं ठाम मत आहे. प्रश्न ठरलेले असतात, एमबीए का, आत्ताच का, आणि तुम्ही स्वतः पुढाकार घेऊन केलेलं एखादं काम सांगा. यातल्या तिसऱ्याला माझ्याकडे येणारे दहापैकी आठ ड्राफ्ट सारखेच असतात. गणेशोत्सवात मंडळाचं नेतृत्व केलं, त्यातून टीमवर्क आणि टाइम मॅनेजमेंट शिकलो. बरोबर आहे, केलं असेल, पण वाचणाऱ्याला यातून काहीच दिसत नाही. एका मुलाला मी विचारलं, अरे तू नेमकं काय केलंस ते सांग, तर म्हणाला, ताई, वर्गणीची पावतीपुस्तकं प्रत्येक गल्लीत वेगवेगळ्या पोरांकडे राहायची आणि हिशेब जुळायचा नाही, म्हणून मी रोज रात्री सगळ्यांकडून पुस्तकाचा फोटो मागवायचो आणि शीटमध्ये टाकायचो, दोन जण चिडले, त्यांच्या घरी जाऊन बोललो. म्हटलं हेच लिही ना! लिहिलं, आणि त्याची निवड झाली.

माझंही सांगते म्हणजे कळेल किती बारीक जायचं. माझे बाबा कळमना मार्केटला एका अडत्याकडे हिशेबाचं काम बघतात. आंबिया बहाराचा (संत्र्याच्या एका हंगामाचा) संत्रा सुरू झाला की प्लास्टिकची कॅरेट शेतकऱ्यांकडे रिकामी जातात आणि भरून येतात, काही व्यापाऱ्यांसोबत बाहेर जातात, आणि त्यातली किती परत आली याची नोंद कोणाकडेच नसायची, वहीत फक्त गेली किती एवढंच. मी सेकंड इयरला असताना संध्याकाळी तिथे बसायची. मोबाइलमध्येच एक शीट केली, कोणी नेली, कोणत्या तारखेला, परत किती आली, आणि शनिवारी ज्यांच्याकडे थकली त्यांना फोन. हंगाम संपताना न आलेल्या कॅरेटचा आकडा पहिल्यांदा समोर दिसला आणि अडत्याकाकांनी कॅरेटमागे डिपॉझिट घ्यायला सुरुवात केली. बस, एवढंच काम. निबंधाची पहिली ओळ मी अशी लिहिली होती की आमच्या दुकानातून रोज रिकामी कॅरेट बाहेर जातात आणि त्यातली किती परत येतात हे कोणालाच माहीत नसतं. लीडरशिप हा शब्द त्या निबंधात कुठेच नव्हता.

मुलाखतीत पॅनलनं याच्यावरच धरलं. डिपॉझिट घ्यायला लागल्यावर शेतकरी दुसऱ्या अडत्याकडे गेले नाहीत का? गेले ना सर, काही जण गेले, म्हणून जुन्या शेतकऱ्यांना डिपॉझिट माफ केलं आणि नवीन लोकांना ठेवलं. मग पुढचा प्रश्न, माफ कोणाला करायचं हे कोण ठरवायचं? मग संत्र्यावर गाडी गेली, नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला त्याचा शेतकऱ्याला भावात फायदा दिसतो का, बांगलादेशनं आयात शुल्क वाढवलं तेव्हा इथल्या मार्केटवर काय परिणाम झाला. मी बाबांकडून हे रोज ऐकत होते म्हणून बोलू शकले. खरं केलेलं काम असेल तर त्याच्या पोटातले प्रश्न कितीही खोल विचारले तरी तुम्ही उत्तर देता, रचलेल्या गोष्टीत दुसऱ्याच प्रश्नाला अडकता. म्हणून घरचा धंदा, किराणा दुकान, बुटीबोरी नाहीतर हिंगण्याच्या एमआयडीसीतली ट्रेनीशिप, शेती, ट्यूशन घेणं, यातलं काहीही लहान समजू नका.

इंग्रजीत लिहायचं असतं म्हणून खूप जण अडतात. मी ज्युनिअर्सना सांगते की आधी फोनवर मराठीत रेकॉर्ड करा, जसं आईला सांगाल तसं सांगा, मग ऐकून साध्या छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहा. शब्दमर्यादा ३०० असेल तर ३०० च. आणि एआयकडून पूर्ण निबंध लिहून घेऊ नका, वाचणाऱ्यांकडे तसे ढीगभर येतात आणि मुलाखतीत तुमचं बोलणं आणि तो कागद जुळत नाही, स्पेलिंग तपासायला वापरा, ठीक आहे.

आत्ताच एमबीए का, याचं उत्तर तुमच्या कामातूनच यायला हवं. जिथे तुम्ही अडलात तो मुद्दा शोधा. मला कॅरेटचा हिशेब जमला पण माल कोल्ड स्टोरेजला टाकायचा की आजच विकायचा, हे ठरवताना बाबांसकट सगळे अंदाजानं चालतात हे दिसत होतं, ते शिकायचं होतं. पगार चांगला मिळतो हेही कारण आहेच, ते लपवायची गरज नाही, पण एकटं तेवढंच लिहिलं तर कोणालाही लागू होतं.

काही फॉर्मसोबत रेकमेंडेशन लेटर, म्हणजे शिफारसपत्र, लागतं, त्याचं एक सांगते. लोक मोठ्या नावामागे धावतात, एचओडी, प्राचार्य, ओळखीचे नगरसेवक. ज्या मॅडमनी तुमचा प्रोजेक्ट तपासला, ज्यांनी तुम्हाला चुकताना आणि सुधारताना पाहिलं, त्यांचं साधं पत्र जास्त कामी येतं. आपल्याकडे सर बहुतेक वेळा म्हणतात, तूच लिहून आण बेटा, मी सही करतो. तेव्हा नाही म्हणणं अवघड जातं हे मला कळतं, पण असं करा, पत्र नेऊ नका, एका कागदावर मुद्दे न्या, कोणता प्रोजेक्ट, कोणत्या सेमिस्टरला, काय झालं होतं, आणि सरांना म्हणा, सर दहा मिनिटं द्या, तुम्ही बोला मी टाइप करते. बहुतेक सर तयार होतात आणि बोलता बोलता त्यांना अशी गोष्ट आठवते जी तुम्ही स्वतः लिहिलीच नसती. किमान तीन आठवडे आधी विचारा.

टेस्टवर जास्त लिहीत नाही, त्याचं साहित्य भरपूर मिळतं. कॅट दोन तासांची, तीन सेक्शन, व्हीएआरसी (इंग्रजी वाचन आणि भाषा), डीआयएलआर (तक्ते-आकडेवारी आणि तर्काची कोडी) आणि क्वांट (गणित), प्रत्येकाला ४० मिनिटं, बरोबरला ३, पर्याय निवडायचा प्रश्न (एमसीक्यू) चुकला तर १ वजा, आणि जिथे उत्तर स्वतः टाइप करायचं तिथे निगेटिव्ह नाही. निवड टेस्ट बहुतेक याचीच छोटी आवृत्ती असते, टक्केवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग एवढं अंकगणित पक्कं असलं तरी बरंच निभतं. मराठी मीडियमवाल्यांचा जीव व्हीएआरसीत अडकतो. त्यांनी शब्दांच्या याद्या पाठ करण्यात वेळ घालवू नये, त्यातला मोठा भाग उताऱ्यांचा असतो, रोज एक इंग्रजी लेख पूर्ण वाचा आणि लेखकाचं म्हणणं काय ते मराठीत दोन ओळीत लिहा. मी हे मेट्रोत करायची, घरापासून सीताबर्डीपर्यंत एक लेख व्हायचा. डीआयएलआरमध्ये कोणता सेट सोडायचा हे ठरवता येणं हेच निम्मं काम आहे, त्याला मॉकशिवाय, म्हणजे सराव परीक्षांशिवाय, पर्याय नाही.

घरच्यांचंही बोलायला हवं, विशेषतः मुलींच्या घरचं. माझ्या आजीचा प्रश्न होता, चांगली नोकरी लागून राहिली तर अजून दोन वर्षं काऊन शिकतेस? आई-बाबांना बॅचचं वेळापत्रक, खर्च आणि पुढचं एज्युकेशन लोन कसं असतं हे कागदावर दाखवा, जमलं तर एकदा मिहानला आयआयएम नागपूरचा कॅम्पस त्यांना बाहेरून का होईना दाखवून आणा. २०१५ ला सुरू झालं तेव्हा ते व्हीएनआयटीच्या आवारात होतं, आता स्वतःचा मोठा कॅम्पस आहे. बाबांनी तो बघितल्यावर आमच्या घरातलं बोलणंच बदललं, हे फक्त टीव्हीवर ऐकलेलं नाव राहिलं नाही.

निवड नाही झाली तर तयारी थांबवू नका, आणि फक्त कॅटवर सगळं लावू नका. आपल्या राज्याची वेगळी प्रवेश परीक्षा, एमबीए सीईटी, आहे, २०० प्रश्न, १५० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि मुंबईचं जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट तिच्या कॅप राऊंडमध्ये, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेश फेरीत, येतं. नागपुरातून खूप जण हा रस्ता गांभीर्यानं घेतच नाहीत, मला याचं खरंच वाईट वाटतं. बॅचसाठी जमवलेले निबंध, पत्रं, दाखले पुढच्या प्रत्येक मुलाखतीला तसेच उपयोगी येतात, ती फाइल जपून ठेवा.

आणि रिझल्टच्या दिवसांत मेलचा स्पॅम फोल्डर रोज बघा. निवड झाली तर कन्फर्मेशनची मुदत खूप कमी असते, त्याच दिवशी उत्तर द्या. वेटिंगला असाल तर एक छोटा नम्र मेल टाका की मी अजून इच्छुक आहे, आणि मधल्या काळात काही नवीन झालं असेल, सेमिस्टरचा निकाल, नवीन काम, तर ते एका ओळीत लिहा. वेटिंग लिस्ट हलते. दरवर्षी काही जणांना दुसरीकडे अ‍ॅडमिशन किंवा नोकरी मिळते, जागा रिकाम्या होतात आणि बॅच सुरू झाल्यावरही पहिल्या आठवड्यात फोन येतात, तेव्हा अनोळखी नंबर आला तरी उचला.