शीट म्हणजे शीड नव्हे : आरमाराचा देखावा करताना या चुका टाळा

सातारा-सांगलीकडे समुद्र नाही, पण गणपतीत आणि दिवाळीच्या किल्ल्यांत आरमार हमखास असतं. असायलाच हवं. कान्होजी आंग्रे १७१३-१४ च्या सुमारास शाहू महाराजांच्या पक्षात आले आणि आरमाराची दोरी सातारच्या गादीशी बांधली गेली. देखावा बिघडतो तो बहुतेक वेळा दोरांपाशी आणि त्यांच्या नावांपाशी.

आपल्याकडे मोट चालायची तेव्हा नाडा आणि सोंदूर यांत कोणाची गल्लत होत नसे. नाडा वरच्या चाकावरून मोट ओढायचा, सोंदूर खालच्या कण्यावरून तिची सोंड सांभाळायचा. दोन्ही दोरच, पण काम वेगळं म्हणून नाव वेगळं. जहाजावरही हेच आहे. म्हणून नाव लिहिण्याआधी तो दोर काय ओढतो किंवा काय धरून ठेवतो ते पाहा.

सगळ्यात मोठी फसगत ‘शीट’ या इंग्रजी शब्दात होते. उच्चार शिडासारखा, शब्दकोशात अर्थ चादर, म्हणून भाषांतरात सरळ ‘शीड’ येतं. खरं तर शीट हा शिडाचा खालचा कोपरा ताणणारा दोर, आपल्या खलाशांची दामण. ‘शीट सैल सोडा’ म्हणजे शीड उतरवणं नव्हे, दामण ढिली करून शिडातला वारा कमी करणं. ‘यार्ड’ म्हणजे आवार नाही, शीड बांधायचं आडवं लाकूड, परबाण. ‘श्राउड’ला कफन म्हणू नका, तो डोलकाठीला दोन्ही कुशींकडून धरणारा ताण आहे. ‘स्टे’ तिला पुढून-मागून धरतो.

आता बांधणी. गलबताचं परबाण पडद्याच्या दांडीसारखं मधोमध आडवं टांगलेलं दिसलं, की तिकोनी शीड लोंबतं, फुगत नाही. डोलकाठी ४० सेंमी असेल तर परबाण ४५ ते ५० सेंमी घ्या. पुढच्या टोकापासून साधारण एक तृतीयांशावर टांगा. ते टोक खाली नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, मागचं टोक डोलकाठीच्याही वर. एवढी लांब कामटी मिळत नसेल तर दोन कामट्या दहा सेंमी एकमेकींवर घेऊन दोऱ्याने आवळा. यात कमीपणा काही नाही, लांब परबाणं खरोखरच अशी जोडून करत. डोलकाठी किंचित पुढे झुकू द्या.

परबाण फिरताना ताणाच्या दोरांत अडकतं, ही पुढची तक्रार. कारण देखाव्यात तिकोनी शिडाच्या जहाजालाही चौकोनी शिडाच्या जहाजासारखे पक्के ताण दोन्हीकडे घट्ट बांधलेले असतात. इथे ताण कपीने सैल-घट्ट होणारे हवेत आणि वाऱ्याच्या बाजूचेच कसलेले. रंगही सांभाळा. कायमचे ताण डांबर लावलेले असत, त्यांना काळा दोरा. हाताने ओढायचे दोर फिकट तागाचे.

पाटीवर प्रत्येक जहाजाला ‘गलबत’ लिहू नका. अठराव्या शतकातल्या वर्णनांत गुराब, म्हणजे मोठं लढाऊ जहाज, दोन डोलकाठ्यांची सुमारे १५० टनांची आणि तीनची सुमारे ३०० टनांची. गलबत हलकं, क्वचितच ७० टनांपुढे, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं, मागची डोलकाठी अगदी बारीक. गुराबेला वल्ह्यांची रांग लावली आणि गलबताला तीन डोलकाठ्या दिल्या, तर पाटी आणि मॉडेल दोन्ही चुकतात.

जुन्या इंग्रजी कागदांत ‘लार्बोर्ड’ आलं तर ती डावी बाजू, नाळेकडे तोंड करून उभं राहिल्यावरची. ‘स्टारबोर्ड’शी उच्चार जुळत असल्यामुळे घोटाळा होई, म्हणून ब्रिटिश आरमाराने १८४४ मध्ये त्याऐवजी ‘पोर्ट’ ठरवलं.

शेवटी भगवा. शीड पुढे फुगलेलं आणि झेंडा मागे फडकणारा, हे चित्र जवळजवळ प्रत्येक मंडपात दिसतं. मागून वारा असेल तर झेंडाही पुढेच, नाळेकडे उडेल. पंखा लावणार असाल तर मागच्या बाजूला लावा आणि झेंड्यात तार घालू नका.