कुत्र्याला घेऊन कोकणात समुद्रावर जायचंय? आधी तिथी बघा

आमचा गुंड्या अठ्ठावीस किलोचा आहे, आई लॅब्राडॉर आणि बाबा कोण ते सोसायटीत कुणालाच माहीत नाही. त्याला पहिल्यांदा समुद्रावर नेलं तेव्हा आम्ही फक्त रूम बुक केली होती, बाकी काही बघितलंच नव्हतं. पोचलो दुपारी बाराला, ओहोटी लागलेली, पाणी लांब आणि मधे तापलेली कोरडी वाळू, पठ्ठ्या दहा पावलं गेला आणि एक पाय वर, मग दुसरा पाय वर, असा नाचायला लागला, शेवटी मी त्याला उचलून आणलं, अठ्ठावीस किलो. संध्याकाळी परत गेलो तर भरती पार सुरूच्या झाडांपर्यंत आलेली, फिरायला वाळूच नाही, मग तो लाटांवर भुंकला, भरपूर खारट पाणी प्यायला आणि रात्रभर रूममध्ये जुलाब. त्यानंतर पाच-सहा वेळा जाऊन आलोय आणि आता बरंच जमतं, म्हणून लिहितोय. पुण्याहून दापोली, हरिहरेश्वर, गुहागर या बाजूचा अनुभव आहे, पण अलिबाग किंवा तारकर्लीलाही फार वेगळं नसणार.

सगळ्यात पहिलं काम म्हणजे कॅलेंडर काढा आणि तिथी बघा. कोळी लोकांचा साधा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. म्हणजे चतुर्थीला चार पाऊणे तीन, तर दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या आसपास भरती, अष्टमीला सहाला. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. आता कुत्र्याच्या दृष्टीने बघा, तो बीचवर जाऊ शकतो सकाळी सहा ते साडेआठ आणि संध्याकाळी पाचनंतर, मधल्या वेळात वाळू तापलेली. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे गेलात तर भरती दुपारी बाराच्या सुमारास असते आणि ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे नेमकं तुम्हाला हवं तेव्हा लांबच्या लांब ओली, घट्ट, गार वाळू मिळते. अष्टमीच्या वीकेंडला बरोबर उलटं, आमचं पहिल्या वेळी तेच झालं होतं. उधाणाच्या, म्हणजे याच अमावास्या-पौर्णिमेच्या दिवसांत पाण्याला ओढ जास्त असते हे मात्र लक्षात ठेवा, त्याला खोल जाऊ द्यायचं नाही, वाळू मोठी आहे तर वाळूवर पळू दे. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघून घ्या, पाऊणपट अंदाजासाठी.

महिना म्हणाल तर नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी. मे महिन्यात कोकणात माणसाचा जीव नकोसा होतो, कुत्र्याला तर आपल्यासारखा घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकूनच गार होतो आणि दमट हवेत धापांचाही फार उपयोग नाही. पग, बुलडॉग, शित्झू असे चपट्या नाकाचे असतील तर मे चा विचारच करू नका. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, आणि लेप्टोचीही भीती.

रूम बुक करताना फक्त 'कुत्रा चालेल का' विचारून फोन ठेवू नका. कोकणात 'हो चालेल की' याचे चार अर्थ होतात. एका ठिकाणी आम्हाला चालेल म्हणाले आणि गेल्यावर कळलं की चालेल म्हणजे मागच्या गोठ्याशेजारी बांधून ठेवलेला चालेल. त्यांची चूक नव्हती, आम्ही विचारलंच नव्हतं. त्यामुळे आता मी सरळ विचारतो, कुत्रा रूमच्या आत आमच्याबरोबर झोपणार, चालेल का? तुमचा स्वतःचा कुत्रा आहे का, मोकळा असतो का? कोंबड्या, मांजरी? आवाराला गडगा, म्हणजे दगडांची कुंपणभिंत, पूर्ण आहे का मधे तुटलाय? बीचपर्यंत वाडीतून वाट आहे का डांबरी रस्त्याने जायचं? आणि वजन सांगा, 'लहानसा आहे' म्हणून लॅब घेऊन जाऊ नका, लोक खरंच चिडतात आणि पुढच्या कुत्रेवाल्यांना नाही म्हणतात. हॉटेलपेक्षा घरगुती राहायची सोय बरी, कारण मालक तिथेच असतात आणि तोंडावर खरं सांगतात. दापोलीजवळच्या आमच्या नेहमीच्या काकू पहिल्या फोनवरच म्हणाल्या, "घरात येऊ दे हो, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत नको, आणि माझ्या कोंबडीला तोंड लावलंन तर कोंबडीचे पैसे द्यावे लागतील." याला म्हणतात स्पष्ट बोलणं. चादर मात्र आपली न्या, पलंगावर घालायला, आणि त्याची भांडीपण आपलीच.

प्रवास. घाट लागणारे कुत्रे खूप असतात, आमचाही त्यातलाच, ताम्हिणीत हमखास. निघायच्या आधी चार तास खायला देत नाही, पाणी थोडं थोडं चालतं. उलटीची गोळी डॉक्टरला विचारून आणा, कुत्र्यांसाठी वेगळी मिळते, आपली घरातली वजनाचा अंदाज बांधून देऊ नका. हार्नेस घालून सीटबेल्टला अडकवा, गळ्याच्या पट्ट्याला नाही, ब्रेक लागला तर मान आवळेल. दर दीड-दोन तासांनी थांबा, पण महामार्गावरच्या ढाब्यांवर मोकळे कुत्रे असतात, थोडं पुढे जाऊन शांत जागा बघा. जेवायला गेल्यावर बंद गाडीत त्याला ठेवून जायचं नाही, काच दोन बोटं उघडी ठेवून काही होत नाही, उन्हात गाडी दहा मिनिटांत भट्टी होते. आम्ही दोघं आळीपाळीने जेवतो, चहा दोनदा होतो, तेवढाच फायदा.

वाटेत खाडी ओलांडायला जंगलजेटी (गाड्या नेणारी फेरीबोट) लागली, म्हणजे वेश्वी-बागमांडला किंवा दाभोळ-धोपावे, तर त्याला गाडीतच बसू दे, काचा खाली करून आणि तुम्ही शेजारी. एकदा कौतुकाने खाली उतरवला तर लोखंडी डेक तापलेला, इंजिनाची धडधड, आणि रॅम्प आपटल्यावर तो अशा काही ताकदीने मागे सरला की पट्टा हातातून सुटता सुटता राहिला. कोकण रेल्वेने जायचं तर फर्स्ट एसीचा दोन बर्थचा कूपे किंवा चारची केबिन अख्खी आपल्या नावावर असेल तरच कुत्रा बरोबर नेता येतो, नाहीतर गार्डच्या डब्यातला पिंजरा. पिंजऱ्यात माझ्याच्याने नाही पाठवणार.

निघायच्या आधी डॉक्टरकडे एक चक्कर हवीच. रेबीजचं आणि बाकीचं लसीकरण चालू आहे ना बघा, लसीच्या वहीचा फोटो मोबाईलमध्ये आणि वही पण बरोबर, लेप्टोची लस त्यात आहे का विचारा. आणि गोचीड. वाडीत गुरं असतात, गवत असतं, गोचीड येणारच. महिनाभर किंवा तीन महिने टिकणाऱ्या चघळायच्या गोळ्या मिळतात, दोन-तीन दिवस आधी देऊन ठेवा. गावात सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो पण तिथे रोजचं काम गाई-म्हशींचं, कुत्र्याला सलाईन लावायची वेळ आली तर कुठे जायचं तो नंबर राहणाऱ्या ठिकाणच्या मालकांकडून आधीच घ्या, रात्री अकराला शोधत बसायला नको. औषधांच्या डब्यात बँडेज, बेटाडीन, चिमटा, ओआरएस आणि डॉक्टरने लिहून दिलेलं जुलाबाचं औषध. क्रोसिन, कॉम्बिफ्लॅम कुत्र्याला कधीच नाही, ताप असला तरी नाही.

आता बीचवर. उतरण्याआधी हाताची मागची बाजू वाळूवर ठेवा आणि सातपर्यंत मोजा, तुम्हाला ठेववत नाही तर त्यालाही चालवणार नाही. गोडं पाणी दोन लिटर आणि पसरट भांडं, दर पंधरा-वीस मिनिटांनी पाजायचं, तहान लागू दिली की तो समुद्राचं पिणार आणि मग आमच्यासारखी रात्र. टेनिस बॉल नको, त्याला ओली वाळू चिकटते आणि प्रत्येक वेळी थोडी थोडी पोटात जाते, जास्त झाली तर आतडं तुंबतं. रबरी रिंग घ्या, धुतली की साफ. लांब दोर बांधा, पाच-सात मीटरचा, साधा सुती. मोकळं सोडायचा मोह होतो पण मुरूडला, काशीदला घोडागाड्या, बाइक, पॅरासेलिंगवाले सगळे त्याच वाळूवर असतात, आणि कर्द्याला तर लोक गाड्या पार पाण्यापर्यंत नेतात.

बीचवरचे कुत्रे हा वेगळाच विषय. त्यांचे एरिया ठरलेले असतात, सुरूच्या बनापासून ओढ्यापर्यंत एक टोळी, ओढ्यापलीकडे दुसरी. पहिल्या दिवशी मी गुंड्याशिवाय एकटा फेरी मारून येतो आणि कोण कुठे झोपलंय बघून घेतो. टोळी आली तर पळू नका, पट्टा ताणून धरू नका, आपल्याला मधे ठेवून शांतपणे पाण्याच्या बाजूने निघायचं. बहुतेक वेळा हद्द ओलांडली की ते थांबतात. होडीजवळ, जाळ्यांजवळ नेऊ नका, गळ पडलेले असतात. वाळत घातलेली सुकट-बोंबील दिसली की लांबून वळायचं, तो लोकांचा धंदा आहे, आणि आपल्या कुत्र्याने त्यावर तंगडी वर केली तर कोण ऐकून घेईल.

तोंडात काय जातंय ते सतत बघा. किनाऱ्यावर फुगलेला, काटेरी केंड मासा पडलेला असतो, कोळी फेकून देतात कारण विषारी, वाळलेला असला तरी विष जात नाही. जेलीफिश मेलेली असली तरी डंख असतो. वाडीत पडलेली सुपारी गुंड्याने एकदा चघळली, तासाभरात लाळ गळायला लागली आणि पोट साफ, नंतर डॉक्टर हसत म्हणाले पूर्वी कुत्र्यांच्या जंतावर सुपारीतलंच औषध द्यायचे. नशीब अर्धीच होती. काजूच्या मोसमात ओल्या काजूबिया, चिकाने तोंड भाजतं. आणि आंब्याची कोय, ती गिळली तर थेट ऑपरेशनपर्यंत जाऊ शकतं, पाहुण्यांनी आंबे खाऊन कोयी टाकलेली बादली वर ठेवा.

शी उचलायची, पिशवीत, आणि पिशवी परत आणायची, वाळूत पुरायची नाही. त्याच वाळूवर पहाटे माणसं अनवाणी जाळी ओढतात, जंत वाळूतून पायात शिरतात.

कासवांबद्दल जरा थांबून लिहितो. वेळास, आंजर्ले, हरिहरेश्वर, गुहागर या किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात आणि साधारण फेब्रुवारी ते एप्रिल पिल्लं बाहेर पडतात. वेळासला 2002 पासून हे संवर्धनाचं काम चाललंय, गावातली माणसं पहाटे उठून किनारा चालतात, घरटी शोधून अंडी कुंपणात हलवतात. कुत्र्याला घरट्याचा वास येतो आणि तो उकरतो, त्याच्या दृष्टीने ती मजाच. म्हणून या दिवसांत या बीचवर अंधारात कुत्रा नेऊ नका, उजाडल्यावर आखूड पट्ट्याने ओल्या वाळूवरूनच न्या, भरतीच्या रेषेच्या वरच्या कोरड्या भागात नाही. पिल्लं सोडताना बघायची असतील तर एकाने रूमवर थांबायचं. देवळाचंही तेच, एकाने आत, एकाने बाहेर कुत्र्याबरोबर.

उन्हाचा त्रास झाला तर ओळखा: धापा थांबत नाहीत, लाळ घट्ट, हिरड्या लालभडक, झोक जातोय. विहिरीचं पाणी अंगावर, पोटावर, मांड्यांत ओतत राहा, पंखा किंवा एसी लावा, शुद्धीत असेल तर थोडं थोडं पाणी, आणि मग डॉक्टर. ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवू नका, टॉवेल तापतो आणि आतली उष्णता आतच राहते.

रूमवर आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पोटाखाली आणि बोटांच्या मधे नीट. मीठ राहिलं की तो चाटत बसतो आणि दोन दिवसांत लाल चट्टा. लोंबत्या कानांचे असतील तर कान कोरडे करा, लॅबवाल्यांना सांगायला नको. जेवणाला घरचंच खाणं न्या. काकू प्रेमाने सारभात वाढतात, त्यात कांदा-लसूण-मिरची असते, त्यांना आधीच सांगितलं तर साधा भात आणि बिनमिठाचा उकडलेला मासा देतात, काटे मात्र आपण काढायचे. पहिल्या रात्री तो झोपणार नाही, लाटांचा आवाज, वाडीत नारळ पडल्याचा धप्प आवाज, गुंड्या प्रत्येक नारळाला भुंकला. आता घरची जुनी गोधडी नेतो, त्यावर पडतो गुमान. रात्री शू ला नेताना बॅटरी घ्याच, फुरसं (छोटा विषारी साप) पाचोळ्यात दिसत नाही.

परत आल्यावर रोज अंगावरून हात फिरवून गोचीड बघा, कानात, बगलेत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, रॉकेल-बिकेल लावायचं नाही. पुढचे तीन आठवडे जेवला नाही, अंग गरम लागलं, हिरड्या फिक्या दिसल्या किंवा नाकातून रक्त आलं तर प्रवासाचा थकवा म्हणून सोडून देऊ नका, गोचीड तापाची रक्त तपासणी करा आणि डॉक्टरला आपणहून सांगा की आम्ही कोकणात जाऊन आलोय.