चाळिशी-पन्नाशीत पहिली गाडी: फाटकापासून सुरुवात करा

शोरूमकडे वळण्याआधी मोजपट्टी घ्या आणि घराचं फाटक मोजा. वॅगनआरची रुंदी १६२० मिलिमीटर आहे, पण हा आकडा आरसे सोडून असतो. दोन्ही आरशांचा मिळून सुमारे एक फूट धरा. नवख्या हाताला दोन्ही बाजूंना निदान अर्धा-अर्धा फूट मोकळीक हवी. म्हणजे फाटक साडेसात फुटांच्या आत असेल तर वॅगनआर रोज घाम काढणार. अल्टो के१० ची रुंदी १४९० मिलिमीटर, तिला सात फूट पुरतात. कोल्हापुरात शिवाजी पेठ किंवा मंगळवार पेठेतल्या बोळात घर असेल तर वळणाची त्रिज्याही बघा: अल्टो के१० साडेचार मीटर, वॅगनआर ४.७ मीटर. भिंतीलगत लावणार असाल तर चालकाचा दरवाजा किती उघडेल तेही आत्ताच मोजा. दोन फुटांपेक्षा कमी जागेतून पंचविशीतला पोरगा सटकतो, कंबर दुखणारा माणूस अडकतो.

आधी लायसन्स, मग गाडी

लर्निंग लायसन्स मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते, आणि लर्निंग सहा महिने चालतं. वय चाळिशीपुढे असेल तर डॉक्टरांनी भरलेला फॉर्म १-अ लागतो, तो आधीच करून ठेवा. पक्कं लायसन्स हातात येईपर्यंत ड्रायव्हिंग स्कूलच्याच गाडीवर हात बसवा. क्लच दाबून गुडघा दुखतो का, मागे बघताना मान वळते का, हे त्या महिन्यात कळतं, आणि कुठली गाडी घ्यायची ते निम्मं त्यावरच ठरतं.

वीस-पंचवीस वर्षं दुचाकी चालवलेल्यांनी एक जास्त सांभाळायचं. रस्त्याचं भान पक्कं असतं, पण फटीत घुसायची सवय हाडात असते आणि आपल्या डावीकडे अजून चार फूट गाडी आहे याचा विसर पडतो. सुरुवातीचे ओरखडे बहुतेक डाव्याच बाजूला येतात.

मॅन्युअल की एएमटी

महाद्वार रोडवर सणाच्या दिवसांत गाडी पावला-पावलानं सरकते. तिथे नवखा माणूस हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, गाडी धरून ठेवतो, जळका वास येतो आणि क्लचप्लेटचं आयुष्य घटतं. गुडघ्याची कुरकुर असेल किंवा रोजचं जाणं-येणं गावातच असेल तर एएमटी, म्हणजे गिअर आपोआप बदलणारी गाडी, घ्या. त्याच मॉडेलच्या मॅन्युअलपेक्षा ती साधारण ४५ ते ६० हजारांनी महाग पडते.

एएमटी म्हणजे क्लच नसलेली गाडी, हा समज चुकीचा आहे. क्लच असतोच, तो पायाऐवजी यंत्रणा दाबते. म्हणून चढावर थांबताना अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली तर इथेही क्लच जळतो. थांबायचं ते ब्रेकवरच. हिल होल्ड असलेलं मॉडेल मिळालं तर तेच घ्या, नाहीतर चढावर निघताना गाडी मागे सरकते. गिअर बदलताना हलका झटका बसतो आणि ओव्हरटेकला ती क्षणभर विचार करते, तेवढं अंतर हिशोबात ठेवा. पन्हाळा किंवा जोतिबा उतरताना लिव्हर मॅन्युअल मोडमध्ये टाकून दुसऱ्या गिअरवर या. सगळा उतार ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापून ढिले पडतात.

सीएनजी रोज चाळीस-पन्नास किलोमीटर फिरणाऱ्यांनाच परवडतो. टाकीमुळे डिकीतली बरीच जागा जाते आणि दर तीन वर्षांनी तिची हायड्रो टेस्ट करावी लागते. डिझेलचा विचार सोडून द्या.

बसून बघा, वीस मिनिटं

अ‍ॅव्हरेजचा आकडा सगळे विचारतात, सीटची उंची कोणी विचारत नाही. सीटवर टेकायला खाली वाकावं लागलं किंवा उतरताना हाताचा रेटा द्यावा लागला, तर ती गाडी तुमची नाही. वॅगनआरसारख्या उंच बांध्याच्या गाड्या या वयात सोयीच्या पडतात त्या याचसाठी. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा बाक राहिला पाहिजे. पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोचलं पाहिजे. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर तोच घालून मीटर आणि आरसे आळीपाळीनं बघा. नेहमीची पादत्राणं घालून जा, पण कोल्हापुरी पायताण नको: चामड्याचा तळ पेडलवरून सटकतो आणि मोकळी टाच पेडलखाली अडकते.

मजबुतीचंही बघायला हवं. गाड्या आदळून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत टाटा टियागोला २०२० मध्ये प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी चार तारे मिळाले, वॅगनआरला २०२३ मध्ये एक. हायवेवरून पुण्याला वरचेवर जाणं असेल तर टियागो बघा. शिरोली ते राजारामपुरी एवढाच पल्ला असेल तर उंच सीटला झुकतं माप द्यायला हरकत नाही.

नवी की जुनी

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे नवीचा मोह वाढलाय. पण एक्स-शोरूम किमतीवर महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स असतो. पाच लाखांच्या गाडीला तोच ५५ हजार. वर तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा. बिलात ‘हँडलिंग चार्जेस’ दिसले तर ते काढायला सांगा. विमा शोरूममधूनच घ्यायचं बंधन नाही.

आमच्या मते पहिली गाडी चार-पाच वर्षं वापरलेलीच बरी. पहिल्या वर्षात बंपर घासणार हे धरून चाला, मग ते कोऱ्या रंगावर कशाला? मात्र १ एप्रिल २०१९ नंतरचीच बघा. तेव्हापासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचा झाला आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही कंपनीतूनच येते. किमतीच्या दहा टक्के रक्कम टायर, बॅटरी, क्लचसाठी बाजूला ठेवा.

पुरात बुडालेली गाडी ओळखणं

आपल्याकडे जुनी गाडी घेताना हे सगळ्यात आधी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा उभ्या जागी गाड्या बुडाल्या. धुऊन, पॉलिश करून अशी गाडी चकाचक दिसते. बघायचं ते असं:

१. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आत गुंडाळलेल्या भागावर मातकट रेघ असेल तर पाणी तिथवर चढलं होतं.
२. सीटखालचे रेल आणि बोल्ट टॉर्चनं बघा. वरून गाडी स्वच्छ आणि तिथे गंज, हा मेळ बसत नाही.
३. डिकीतली स्टेपनी काढा. खालच्या खोलगट भागात गाळ राहतो.
४. मॅट उचलून खालचा कार्पेट दाबा, वास घ्या. एसी बंद ठेवून काचा लावून दहा मिनिटं बसलात तर कुबट वास लपत नाही. भरमसाट सेंट मारलेला असेल तर तीही खूणच.
५. डॅशबोर्डखालचे वायरिंगचे कनेक्टर मेस्त्रीकडून उघडून घ्या. हिरवट थर दिसला की गाडी सोडा. वायरिंगचा बिघाड आज नाही, सहा महिन्यांनी सुरू होतो आणि मग थांबत नाही.

पाण्यात इंजिन चालू करायचा प्रयत्न झाला असेल तर सिलिंडरमध्ये पाणी जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून नंबरवर इतिहास काढा आणि त्या दोन महिन्यांनंतरची मोठी कामं बारकाईनं वाचा. किलोमीटरचा मीटर मागे फिरवलेला असेल तर तोही तिथेच पकडला जातो.

केए पासिंगची स्वस्ताई

निपाणी-बेळगावची, म्हणजे कर्नाटकातली केए २२, केए २३ पासिंगची गाडी इथल्यापेक्षा स्वस्त मिळते. तिला तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते, इथे पुन्हा रोड टॅक्स भरावा लागतो आणि नवा नंबर घ्यावा लागतो. हा खर्च आणि हेलपाटे जोडले की फरक बहुधा उरत नाही. एमएच ०९ ची, म्हणजे कोल्हापूर पासिंगची फर्स्ट ओनर गाडी मिळते तोवर तिकडे वळू नका.

चालवून बघणं आणि कागद

मालकाला आधीच सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर बोनेटला हात लावा, गरम असेल तर थंड इंजिनची खरखर लपवली आहे. एसी लावून दुसऱ्या गिअरवर चढ चढवा. इंजिनचा आवाज वाढला पण वेग वाढला नाही, तर क्लच संपलाय. मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगाला स्टिअरिंगवरची पकड क्षणभर सैल करा, गाडी एका बाजूला ओढते का बघा. टायरवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलायचा.

मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, थकलेली ई-चलनं, हे सगळं पैसे देण्याआधी. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. नो-क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याची सवलत, जुन्या मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे हप्ता थोडा वाढेल. आरसीवर तुमचं नाव चढेपर्यंत दहा-पंधरा हजार हातात राखा. उरलेल्या पैशातून म्युझिक सिस्टीमच्या आधी रिव्हर्स कॅमेरा आणि पार्किंग सेन्सर बसवा.