एक्सेलमध्ये कोडच्या सुरुवातीचं शून्य उडतंय? ते असं टिकवा

वाशीच्या मसाला मार्केटमध्ये बिलं बनवणाऱ्या कुणालाही विचारा, हळद ०९१०, मिरची ०९०४, जिरं-धणे ०९०९, लवंग ०९०७, मसाल्याचे बहुतेक एचएसएन कोड (जीएसटीच्या बिलावर मालाचा प्रकार सांगणारा आकडा) शून्यानेच सुरू होतात आणि एक्सेलमध्ये ०९१० टाकून एंटर मारलं की समोर दिसतं ९१०. आमच्या तुर्भ्याच्या गोडाउनमध्ये तर आयटम कोडही सहा आकडी आहेत, ००४५७१ असे. मागे एकदा आमची स्टॉकची शीट सप्लायरच्या रेट लिस्टशी जुळेचना, व्हीलुकअप (एका यादीतला कोड दुसऱ्या यादीत शोधणारा फॉर्म्युला) लावला की वरपासून खालपर्यंत नुसतं एन-ए, एन-ए, म्हणजे सापडलंच नाही, आणि दोन तास डोकं खाजवल्यावर कळलं की त्यांच्याकडे कोड टेक्स्ट आहेत आणि आमच्याकडे नंबर.

एक्सेलला नुसते आकडे दिसले की तो ती रक्कम समजतो, आणि रकमेत डावीकडच्या शून्याला काही किंमत नसते. पण कोड ही रक्कम नाहीच, ते मालाचं नाव आहे, दोन कोडची बेरीज आपण कधी करतो का? म्हणून कोडचा कॉलम कायम टेक्स्टच ठेवायचा.

नवीन शीट असेल तर आधी अख्खा कॉलम सिलेक्ट करा, होम टॅबमध्ये जिथे जनरल लिहिलेलं असतं तिथून टेक्स्ट निवडा आणि मगच टाइप करायला घ्या. हा क्रम उलटा करू नका, आधी टाइप करून नंतर टेक्स्ट केलं तर उडालेलं शून्य परत येत नाही. एक-दोनच सेल असतील तर कोडच्या आधी सिंगल कोट टाका, काम होतं. सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण येईल, त्याला घाबरू नका, इग्नोर एरर करा, पण चुकूनही कन्व्हर्ट टू नंबर दाबू नका.

शून्यं आधीच उडालीत? सगळे कोड सारख्याच लांबीचे असतील तर सोपं आहे. बाजूच्या कॉलममध्ये बरोबरचं चिन्ह, टेक्स्ट, कंसात ए२ (म्हणजे पहिला कोड असलेला सेल), कॉमा आणि डबल कोटमध्ये सहा शून्यं, असा फॉर्म्युला टाका (टाइप सगळं इंग्रजीतच), खाली ओढा, मग कॉपी करून पेस्ट स्पेशलने व्हॅल्यूज म्हणून पेस्ट करा. पण कोड कमी-जास्त लांबीचे असतील तर हा उपाय लावूच नका, कारण समोरचं ४५७ हे मुळात ०४५७ होतं की ००४५७ हे एक्सेल सांगू शकत नाही, तिथे मूळ फाइलच शोधावी लागते.

कंट्रोल आणि १ दाबून कस्टममध्ये सहा शून्यं टाकायची, असंही बरेच जण सांगतात. त्याने शून्य फक्त दिसतं, वर फॉर्म्युला बारमध्ये बघा, तिथे ४५७१च आहे. प्रिंट काढायला ठीक, व्हीलुकअपला उपयोग नाही.

खरा घोळ होतो सीएसव्हीमध्ये, म्हणजे कॉमाने कॉलम वेगळे केलेल्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून फाइल काढली, डबल क्लिक केलं, शून्यं गेली, आणि वर सवयीने सेव्ह केलं की मूळ फाइलमधूनही गेली. म्हणून सीएसव्ही डबल क्लिकने उघडूच नका. कोरी शीट घ्या, डेटा टॅबमधून फ्रॉम टेक्स्ट सीएसव्ही, फाइल निवडा, प्रिव्ह्यू आला की ट्रान्सफॉर्म डेटा. तिथे कोडच्या कॉलमच्या नावाशेजारी १२३ असं छोटं चिन्ह असतं, त्यावर क्लिक करून टेक्स्ट निवडा. मग तो विचारतो की आधीचा बदल रिप्लेस करू की नवीन स्टेप टाकू, तर रिप्लेसच म्हणा, कारण आधीच्या स्टेपमध्येच शून्यं उडालेली असतात. मग क्लोज अँड लोड. गूगल शीट्समध्ये इम्पोर्ट करताना टेक्स्टचं नंबर-तारखांमध्ये रूपांतर करायची टिक काढली की झालं.

बारकोडलाही हीच काळजी घ्या. ८९०ने सुरू होणारा तेरा आकडी नंबर जनरल सेलमध्ये ८.९ ई प्लस १२ असा काहीतरी दिसतो, टेक्स्टमध्ये नीट राहतो.

फाइल पुढे पाठवायच्या आधी आम्ही बाजूच्या कॉलममध्ये लेन फॉर्म्युला लावून प्रत्येक कोडची लांबी काढतो आणि फिल्टर मारतो, सहा सोडून दुसरा आकडा दिसला की ती ओळ तिथल्या तिथे मूळ बिलाशी ताडून घ्यायची.