पायाच्या धमनीसाठी पॉलिमर स्टेंट बनवताना या चुका टाळा

पॉलिमरचा स्टेंट, म्हणजे तुंबलेली धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी, क्रिम्प करताना (बलूनवर, म्हणजे धमनीत फुगवायच्या फुग्यावर, आवळून बसवताना) तडकला की सगळ्यात आधी डिझाइनवर खापर फुटतं. मग जाळीच्या वळणाची त्रिज्या वाढवायची, पुन्हा कापायचं, पुन्हा तडा. बडोद्यातल्या इंजिनिअरिंगच्या मुलामुलींच्या प्रोजेक्टमध्ये हे रहाटगाडगं सेमिस्टरभर फिरताना मी बघत आलो आहे. माझं मत असं, की पॉलिमरच्या स्टेंटचं बरंचसं भवितव्य लेझर चालू करण्याआधीच, ज्या नळीतून तो कापायचा ती तयार होतानाच ठरून गेलेलं असतं. ड्रॉइंग सुधारण्यात वेळ घालवण्याआधी ती नळी तपासा.

पायातली कुठली धमनी, हेच न ठरवणं

चालताना पोटरी भरून येते, थांबलं की उतरते, अशी तक्रार घेऊन आलेला पेशंट आणि मधुमेहामुळे अंगठ्याची जखम चिघळलेला पेशंट, दोघांच्याही पायाच्या धमन्या तुंबलेल्या असतात. पण पहिल्याचा अडथळा बहुधा मांडीत किंवा गुडघ्यामागे असतो, दुसऱ्याचा बहुधा गुडघ्याखाली. मांडीतली धमनी पाय हलला की वाकते, पिळली जाते, आखूड होते, स्नायूंखाली दबते. इथे निटिनॉलसारख्या (निकेल आणि टायटॅनियमच्या) लवचीक धातूचाही टिकाव लागत नव्हता: २००५ साली जर्मनीत प्रसिद्ध झालेल्या पाहणीत स्टेंट बसवलेल्या १२१ पायांपैकी ४५ पायांत स्टेंटला फ्रॅक्चर सापडलं होतं. निटिनॉल दबला तर निदान उसळून परत येतो. बलूनने फुगवलेला पीएलएलएचा (शरीरात विरघळणाऱ्या पॉलिलॅक्टिक अॅसिड या पॉलिमरचा) स्टेंट दबला की दबलेलाच राहतो.

गुडघ्याखाली धमनी लहान, साधारण अडीच ते चार मिलिमीटरची, आणि हालचाल कमी. तिथे विरघळणाऱ्या पॉलिमरला खरी संधी मिळाली. अॅबट या अमेरिकी कंपनीच्या एस्प्रिट बीटीके या स्टेंटची चाचणी २६१ पेशंटवर झाली. वर्षभरानंतर पाय वाचलेला, धमनी उघडी आणि पुन्हा उपचाराची गरज नाही, असे पेशंट स्टेंटच्या गटात ७४ टक्के होते, नुसत्या बलूनच्या गटात ४४ टक्के. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. पहिलाच प्रोजेक्ट असेल तर गुडघ्याखालीच राहा, हा माझा सल्ला.

मांडीवर किंवा गुडघ्यामागेच काम करायचं असेल, तर चाचणीत फक्त चालणं आणि खुर्चीवर बसणं धरू नका. आपल्याकडचा माणूस पंगतीला मांडी घालून बसतो, उकिडवा बसून भाजी निवडतो, देवापुढे वाकतो. पूर्ण दुमडलेल्या गुडघ्यामागे धमनीला जो बाक येतो, तो जिने चढताना येणाऱ्या बाकापेक्षा कितीतरी तीव्र असतो. हा कोन तुमच्या चाचणीच्या फिक्स्चरमध्ये (नमुना धरून वाकवणाऱ्या चौकटीत) यायला हवा.

ताकद कमी पडली की जाडी वाढवणं

स्टेनलेस स्टीलचा ताठपणा १९३ गिगापास्कलच्या आसपास, पीएलएलएचा जेमतेम ३ ते ४. एवढी दरी बघून कुणीही आधी जाडीकडेच वळेल. हृदयाच्या धमन्यांसाठीच्या अॅबटच्याच अॅब्सॉर्ब स्टेंटच्या काड्या (जाळीच्या पट्ट्या) सुमारे १५० मायक्रॉन जाड होत्या. जाड काडी रक्ताच्या प्रवाहात आडवी येते, तिच्यामागे रक्त घुटमळतं, गुठळीला जागा मिळते. अमेरिकेत जुलै २०१६ मध्ये मंजूर झालेला तो स्टेंट सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने विक्रीतून काढून घेतला. छोट्या व्यासाच्या एस्प्रिटच्या काड्या त्यामानाने ९९ मायक्रॉनच्या आहेत. वापीच्या मेरिल कंपनीनेही आपला मेरेस१०० हा स्टेंट १०० मायक्रॉनवर आणला.

गणिताकडे नीट बघितलं तर जाडीचा मोह सुटतो. स्टेंट आवळला जातो तेव्हा त्याची वळणं नळीच्या पृष्ठभागातच उघडझाप करतात. म्हणून ताठपणा काडीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, जाडीच्या मात्र सरळ प्रमाणात. रुंदी थोडी वाढवली तरी बराच फायदा होतो. त्याची किंमतही मोजावी लागते: रुंद वळणाच्या कडेला ताण जास्त बसतो आणि क्रिम्प केल्यावर काड्या एकमेकींना भिडतात. मग नळीला तेवढा ताण सोसतो का, हा प्रश्न येतो.

नळी कशातून गेली आहे, ते न विचारणं

साधी, न ताणलेली पीएलएलएची नळी चारपाच टक्के ताणातच तुटते. तीच नळी काचसंक्रमण तापमानाच्या (ज्याच्या वर कडक पॉलिमर मऊ पडतो; इथे साधारण ५५ ते ६५ अंश) थोडी वर तापवून साच्यात लांबीच्या दिशेने ओढली आणि आतून हवेच्या दाबाने फुगवली, की रेणूंच्या साखळ्या रांगेत लागतात आणि ती कितीतरी जास्त ताण सहन करते. यात तीन ठिकाणी घात होतो. लांबीत जास्त ओढलं की नळी उभी चिरते, कारण ताकद एकाच दिशेला गेली. आपल्याला ती परिघाच्या दिशेने हवी असते. दाब असतानाच थंड केलं नाही तर नळी हळूहळू आखडते. आणि भिंत एका बाजूला जाड असेल तर फुगवल्यावर ती असमानता आणखी वाढते.

त्याआधीचा घात नळी ज्यांतून बनते त्या पॉलिमरच्या दाण्यांत असतो. जून ते सप्टेंबर बडोद्याची हवा अशी असते, की मिठाची बरणी उघडी राहिली तरी पाणी सुटतं. मकरपुऱ्यातले पाइप ओढणारे कारागीर हॉपर (दाणे ओतायचं नरसाळं) उघडा ठेवून दिवसभर काम करतात आणि पॉलिथिलीनला त्याने काही होत नाही. पीएलएलए मात्र ओलसर गेलं तर एक्स्ट्रूडरच्या (दाणे वितळवून नळी काढणाऱ्या यंत्राच्या) उष्णतेत पाण्याने साखळ्या तुटतात. नळी दिसायला स्वच्छ, पारदर्शक येते. रेणूभार मात्र घटलेला असतो आणि ते कुठेच दिसत नाही. दाणे बंद ड्रायरमध्ये कोरड्या हवेवर वाळवा, ओलावा पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग असा, मोजा (२०० च्या खाली आला पाहिजे), आणि दाणे, नळी, कापलेला स्टेंट, निर्जंतुक केलेला स्टेंट अशा चारही टप्प्यांवर व्हिस्कोसिटी किंवा जीपीसीने (रेणू आकाराप्रमाणे वेगळे करणाऱ्या चाचणीने) रेणूभार बघा. कुठल्या पायरीवर घसरला ते लगेच कळतं. हे एवढं केलं तरी निम्मे वाद मिटतात.

स्वस्तातली एक तपासणी: जुन्या लॅपटॉपच्या स्क्रीनमधून पोलरायझरची फिल्म काढा, दोन तुकडे काटकोनात धरा, खाली दिवा ठेवा आणि मधून नळी फिरवा. रेणू सारख्या रांगेत असतील तर रंगांचे पट्टे नळीभर सरळ जातात. भिंत वाकडी असेल तर पट्टे सरकतात. लेझरने कापल्यावर काडीच्या कडेला उजळ किनार दिसली, तर लेझरची उष्णता आत शिरली आहे. फेम्टोसेकंद लेझरने (अतिशय क्षणिक झोत टाकणाऱ्या लेझरने) हा त्रास बराच कमी होतो.

तडा कुठल्या कडेला आहे तेही बघा. वळणाच्या बाहेरच्या कडेला दुधी रेघ किंवा तडा असेल तर तो क्रिम्प करताना आला: वळण मिटताना बाहेरची कड ताणली जाते. आतल्या कडेला असेल तर फुगवताना आला. पहिल्यात क्रिम्पिंगचं तापमान वाढवा आणि वेग कमी करा. दुसऱ्यात बलून टप्प्याटप्प्याने फुगवा आणि ठरलेल्या व्यासापुढे जाऊ नका. थंड पॉलिमरवर घाई केली की तो बदला घेतो.

चाचणी फार चांगली आली, म्हणून खूश होणं

मिनिटाला ७२ ठोके धरले तर दहा वर्षांत सुमारे ३८ कोटी ठोके होतात. धातूच्या स्टेंटसाठी ४० कोटी आवर्तनांची परीक्षा रूढ आहे, ती याच हिशेबाने. ५० हर्ट्झवर ती सुमारे ९३ दिवसांत उरकते. पॉलिमरला हा शॉर्टकट चालत नाही. वेगाने हलवलं की तो जास्त ताठ वागतो, वर स्वतः तापतोही, आणि निकाल भलताच लागतो. विरघळणाऱ्या स्टेंटसाठी आधी ठरवा, की धमनीला किती महिने टेकू हवा. सहा महिने धरले तर ठोके १ कोटी ८७ लाखांच्या आसपास येतात, म्हणजे कमी वेगाने, ३७ अंशांच्या बफरमध्ये (शरीरातल्या द्रवासारख्या द्रावणात), खऱ्याच्या जवळ जाणारी परीक्षा घेता येते. वाकणं, पिळणं आणि आखूड होणं यांची परीक्षा वेगळी घ्या.

कोरड्या नमुन्यावर, खोलीच्या तापमानाला मोजलेली रेडियल ताकद (बाहेरून आवळणाऱ्या दाबाला तोंड देण्याची) रिपोर्टमध्ये छान दिसते, पण शरीरात तिचा उपयोग नाही. पाणी मुरलं की काचसंक्रमण तापमान खाली येतं आणि ३७ अंशांवर स्टेंट मऊ पडतो. सतत भाराखाली तो सरकत, ढिला होत जातो, म्हणून एकाच क्षणाचं नव्हे तर कित्येक तासांचं मोजमाप हवं.

विघटनाचंही तसंच. नमुने बफरमध्ये ठेवून फक्त वजन करणारे मला दरवर्षी भेटतात. "सर, तीन महिने झाले, काहीच घटलं नाही." वजन सगळ्यात शेवटी घटतं. आधी रेणूभार पडतो, मग ताकद जाते. निकाल लवकर हवा म्हणून ७० अंशांवर ठेवणंही चूक, कारण काचसंक्रमणाच्या वर पॉलिमर स्फटिक होऊ लागतो, आणि तुम्ही वेगळ्याच पदार्थाची परीक्षा घेत बसता.

साठवण आणि निर्जंतुकीकरण

वाफेच्या ऑटोक्लेव्हचा प्रश्नच नाही, १२१ अंशांना स्टेंटचा आकारच जाईल. गॅमा किरणांनी साखळ्या तुटतात. इथिलीन ऑक्साइड वायू चालतो, पण त्या चक्रात उष्णता आणि ओलावा दोन्ही असतात, तेव्हा कमी तापमानाचं चक्र मागून घ्या. मे महिन्यात बडोद्यात पारा ४२-४३ ला पोचतो आणि उन्हात उभ्या टेम्पोत त्याहून बराच वर जातो. कुरिअरने आलेला नमुना आतून ठिसूळ झालेला असू शकतो, कारण काचसंक्रमणाच्या जवळ पॉलिमर लवकर म्हातारा होतो. डब्यात तापमानाचा लॉगर टाका. अॅब्सॉर्बची पहिली आवृत्ती याच कारणासाठी उणे २० अंशांवर ठेवावी लागत होती.

पॉलिमर एक्स-रेत दिसत नाही, म्हणून टोकांना प्लॅटिनमचे मणी बसवतात. त्यांची छिद्रं वळणावर पाडू नका, तिथे ताण आधीच जास्त असतो. क्रिम्प केल्यावर मणी जागेवर आहेत का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघा, आणि बलून फुगवून झाल्यावर पुन्हा मोजा.