दिवाणी न्यायालयाचे समन्स आणि त्यानंतरचे 30 दिवस

न्यायालयाचे समन्स घेऊन येणारा कर्मचारी, म्हणजे बेलिफ, दारात उभा राहिला की घरातली माणसे बिचकतात आणि पहिला विचार मनात येतो तो कागद न घेण्याचा. या विचाराने नुकसान आपलेच होते. समन्स घेण्यास नकार दिला, तर बेलिफ तसा अहवाल लिहितो, एक प्रत दाराला डकवतो आणि न्यायालय बजावणी झाली असे धरून पुढे जाऊ शकते. म्हणजे दावा चालायचा तो चालतोच, फक्त तो कशाबद्दल आहे हे आपल्याला कळत नाही. आपण घरी नसलो आणि लवकर भेटण्याची शक्यता नसली, तर सोबत राहणाऱ्या कुटुंबातील कोणत्याही सज्ञान व्यक्तीकडे, स्त्री असो वा पुरुष, समन्स देता येते. घरातल्या नोकराकडे मात्र नाही. समन्स घेणे म्हणजे दावा कबूल करणे नव्हे, ती केवळ पोच असते. सही करताना खाली त्या दिवसाची तारीख घालावी आणि तीच तारीख आपल्या प्रतीवरही टिपून ठेवावी.

या तारखेबद्दल मी इतका आग्रह धरतो, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यापासून सुरू होतो. समन्सवर हजर राहण्याची तारीख छापलेली असते, आणि ती दीड-दोन महिन्यांनंतरची असली की लोक निर्धास्तपणे कागद कपाटात ठेवून देतात. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 प्रमाणे कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेले लेखी उत्तर, दाखल करण्याची मुदत समन्स बजावल्यापासून 30 दिवसांची आहे. न्यायालय कारणे नोंदवून ती 90 दिवसांपर्यंत वाढवू शकते. साध्या दाव्यांत अपवाद म्हणून त्याहूनही पुढे सवलत मिळते, पण वाणिज्यिक, म्हणजे व्यापारी व्यवहारांच्या, दाव्यात 120 दिवस उलटल्यावर कैफियत देण्याचा हक्कच संपतो. सवलतीच्या भरवशावर राहू नये.

समन्स वाचताना न्यायालयाचे नाव, दाव्याचा क्रमांक आणि आपण प्रतिवादी आहोत की साक्षीदार हे आधी पाहावे. 'रे.मु.नं.' असे लिहिले असेल तर तो नियमित दावा, 'स्पे.मु.नं.' असेल तर विशेष दावा. समन्ससोबत वादपत्राची, म्हणजे वादीने आपला दावा मांडलेल्या कागदाची, प्रत असलीच पाहिजे. ती नसेल तर वकिलामार्फत न्यायालयाकडे लगेच मागणी करावी. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर 16 अक्षरी सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक, टाकून दावा खरोखर दाखल आहे का आणि पुढची तारीख कोणती हेही पडताळता येते. सोबत 'निशाणी 5' चा अर्ज जोडलेला असेल, तर वादीने तात्पुरती मनाई मागितली आहे असे बहुधा समजावे. त्यावरचे म्हणणे पहिल्याच तारखेला द्यावे लागू शकते, म्हणून अशा वेळी वकिलाकडे त्याच आठवड्यात जाणे इष्ट.

वकिलाकडे जाताना वादपत्र एकदा स्वतः वाचून प्रत्येक कलमापुढे पेन्सिलीने खरे, खोटे किंवा माहीत नाही असे लिहून न्यावे. बहिणीने वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा लावला आहे, असे समजू. वादपत्राच्या कलम 2 मधील वंशावळ बरोबर आहे, कलम 3 मधील एक गट क्रमांक आपण स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या जमिनीचा आहे, आणि कलम 5 मध्ये सांगितलेली मागणी कधी झालीच नाही, इतके नेमके टिपण हाती असले की कैफियत भक्कम होते. 'सर्व मजकूर खोटा असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही' एवढे मोघम वाक्य पुरत नाही. जी गोष्ट स्पष्टपणे नाकारली नाही ती मान्य केली असे न्यायालय धरू शकते. सातबारा, फेरफार, खरेदीखत, पावत्या, असे ज्या कागदांवर आपली भिस्त आहे ते यादीसह कैफियतीबरोबरच द्यावेत.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. 15100 या क्रमांकावर चौकशी करता येते.

समन्स फौजदारी न्यायालयाचे असेल, उदाहरणार्थ धनादेश न वटल्याचे, तर हा हिशेब लागू नाही. तेथे आरोपीने दिलेल्या तारखेला हजर राहावे. गैरहजेरीत वॉरंट निघू शकते. कोणतेही न्यायालय फोनवर पैसे मागून प्रकरण मिटवत नाही, हेही घरातल्या वयस्कर माणसांना सांगून ठेवावे.

तारीख चुकली असेल, तरी घरी बसू नये. दावा एकतर्फी चालवण्याचा आदेश झाला असेल, तर गैरहजेरीचे सबळ कारण दाखवून तो रद्द करण्याचा अर्ज देता येतो आणि न्यायालय बऱ्याचदा काही खर्च भरायला लावून तो मंजूर करते. एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा अंतिम निकाल, होऊन गेला असेल, तर तो रद्द करून घेण्यास 30 दिवस मिळतात. समन्स रीतसर बजावलेच नव्हते असे असेल, तर हे 30 दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात.